पाच वाजता येणारा माणूस

माणसाच्या शरीरातून काय काय बाहेर पडू शकतं, ते मी चोविसाव्या वर्षी रोज ऐकत होते आणि त्याची मला कधी किळस आली नाही. अमेरिकेतले डॉक्टर आपापल्या रोग्यांविषयी बोलून ठेवायचे, त्या आवाजांच्या फाइली इंटरनेटवरून हैदराबादला, आमच्या तारनाक्याच्या घरी यायच्या, आणि मी हेडफोन लावून त्या टाइप करायचे. गळू कुठे झालं, कापल्यावर पू किती निघाला, त्याला वास होता की नव्हता. ते लोक हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगत. मीही तसंच टाइप करत असे. किळस म्हणजे काय ते मला त्या उन्हाळ्यात कळलं, आणि पुवाशी त्याचा काही संबंध नव्हता.

हे काम मला फार जपायचं होतं. कंपनीचं ऑफिस हिमायतनगरला होतं. शिकण्यासाठी काही महिने मी तिथे जात होते. एका लांबट हॉलमध्ये ओळीने कॉम्प्युटर, मधल्या सुट्टीत सगळे एकाच टेबलाभोवती, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहीत हवं असायचं. तुम्ही मराठी? मग इकडे कसे? लग्न ठरलं का? घरी मराठी, गल्लीत हैदराबादी, शाळेत नन्सचं इंग्रजी, अशा तीन भाषा मला येत होत्या आणि तिन्हींत मी गप्पच असायचे. डब्यातली पोळी घेऊन मी जिन्यात बसून खायचे. माझं टाइपिंग स्वच्छ होतं, म्हणून कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा मला देवाने स्वतः येऊन सुट्टी मंजूर केल्यासारखं वाटलं. अट एकच होती: दिवसभराच्या फाइली दुपारी चारच्या आत पाठवायच्या. तिकडे सकाळ होऊन डॉक्टर दवाखान्यात यायच्या आत त्या पोचल्या पाहिजेत.

बाबांना हे काम आहे असं वाटतच नव्हतं. आमच्या घरात आजोबांच्या आधीपासून सगळे सरकारी नोकरीत. घरात बसून, कानाला काहीतरी लावून पगार मिळतो, यात काहीतरी खोट असणार, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः वीज खात्यातून निवृत्त झाले होते. खात्यातल्या लोकांच्या रजा, बढत्या आणि पेन्शनी एवढंच त्यांनी जन्मभर पाहिलं, तारेला कधी हात लावला नाही. पण गल्लीला तेवढा फरक माहीत नव्हता. गल्लीत ते इंजिनियर साब होते. कुणाचा फ्रिज गुरगुरला, कुणाच्या पंख्याला वास आला की लोक बाबांना विचारायला यायचे, आणि बाबा हात मागे बांधून, त्या यंत्राकडे बराच वेळ पाहून, एकच निदान करायचे. "इसकू आराम नहीं मिल रहा."

यंत्राला आराम पाहिजे हा बाबांचा धर्म होता. दुपारी जेवणं झाली की ते घरभर फिरून टीव्हीचा प्लग काढायचे, फ्रिज बंद करायचे, मिक्सरवर फडकं टाकायचे आणि मग स्वतः कूलरसमोर आडवे व्हायचे. कूलरला मात्र आराम नसे. मी कॉम्प्युटर आणला तेव्हा तोही दोन ते चार बंद ठेवायचा हुकूम निघाला होता. आईने मध्ये पडून सवलत मिळवली. "अहो, तिची तीच तर कामाची वेळ आहे." बाबा म्हणाले, "ठीक आहे. जळला तर माझ्याकडे येऊ नका."

इंटरनेट आम्ही टीव्हीच्या केबलवाल्याकडून घेतलं होतं. त्याने एका मोठ्या कंपनीशी काहीतरी जमवलं होतं. निळी तार गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांना वेढे घालत, बाल्कन्यांच्या गजांना लटकत घरात यायची. चोवीस तास चालणार, फोन अडकून पडणार नाही, असं सांगून त्याने गल्लीतल्या चार-पाच घरांना गळ घातली. बाकीच्या घरांत कॉलेजची मुलं होती, ती रात्री वापरायची. दुपारी वापरणारी मी एकटी.

मार्च संपता संपता ते दुपारी बंद पडायला लागलं. दोन वाजून गेले की कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात लाल फुली यायची. चारनंतर, कधी साडेचारला, ती आपोआप निघून जायची. माझ्या फाइली तयार असायच्या, तपासलेल्या, नावं दिलेल्या, आणि पाठवायला रस्ता नसायचा. समोर लाल फुली, आतल्या खोलीतून कूलरची घरघर.

मी हेल्पलाइनला फोन केला. हे लिहायला सोपं आहे. फोन करायच्या आधी मी काय बोलायचं ते मनात जुळवून घ्यायचे, नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत, "मी आपली आभारी होईन जर" वगैरे. पलीकडचा मुलगा माझं पहिलं वाक्य संपेपर्यंतही थांबला नाही.

"मॅडम, सिस्टीम बंद करके चालू करो."

"केलं." मी इंग्रजीत म्हणाले.

"एक बार और करो. मैं लाइन पे हूँ."

मी बंद करून चालू केला. त्या काळी कॉम्प्युटर चालू व्हायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागायचा. तेवढा वेळ तो कुणाशी तरी बिर्याणीत बटाटा घालावा की नाही यावर बोलत होता. फोनचा रिसीव्हर आमच्या सगळ्यांच्या केसांच्या तेलाने चिकट झालेला होता, तो मी कानापासून थोडा लांब धरून ऐकत होते.

"आया?"

"नाही."

"करंट है ना घर में?"

"करंट असल्याशिवाय कॉम्प्युटर कसा चालू होईल?" हे मी मनात म्हणाले. तोंडाने म्हणाले, "हो."

"कंप्लेंट लिख लिया मॅडम. आदमी आएगा."

माणूस आला, पाच वाजता. पाच वाजता नेट चालू होतं.

तो माणूस मला आजही जसाच्या तसा दिसतो. कमरेला पक्कड, खिशात दोन मोबाइल, त्यातला एक सारखा वाजणारा. तो बूट न काढता आत आला, माझ्या खुर्चीत बसला, स्क्रीनकडे पाहिलं आणि खुर्ची गरकन बाबांकडे वळवली. "चल रा है ना साब."

"चल रहा है," बाबा म्हणाले.

"आत्ता चालू आहे. दुपारी नसतं," मी म्हणाले.

तो माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "बच्ची कुछ दबा दी होगी. नया नया है ना."

"हौ," बाबा म्हणाले. "दिवसभर त्याच्यावर बोटं चालू असतात."

त्याने आईकडून पाणी मागून प्यायलं, ओला हात माझ्या कीबोर्डला पुसला, बाबांची सही घेतली आणि गेला. मग हेल्पलाइनवरून मोबाइलवर निरोप आला की तक्रार दूर झाली आहे आणि ग्राहक समाधानी आहे. ग्राहक दाराशी उभा राहून फरशीवरचे बुटाचे ठसे बघत होता.

पुढचे कित्येक आठवडे हेच. दुपारी लाल फुली, मग फोन, मग बंद करून चालू, मग पाच वाजता तो माणूस. दुपारी माणूस पाठवा म्हटलं तर हेल्पलाइनवाली मुलगी हसली. "इत्ती धूप में कौन आता मॅडम? आप भी सो जाओ." तिचं खरंच होतं. उन्हाळ्यात दोन ते चार आमच्या भागात कुणी कुणाच्या दारी जात नाही, पोस्टमनही नाही. एक जण म्हणाला, तुमच्या घराचं वायरिंग जुनं आहे. एक म्हणाला, व्हायरस असेल. एकाने मला विचारलं, "घर में कोई जेंट्स है क्या? उनको दो फोन." मी फोन खाली ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन साबणाने कान धुतला.

सगळ्यात वाईट म्हणजे त्या फुलीला वेळ होती. दोन ते चार. मी हे प्रत्येकाला सांगत होते, इंग्रजीत, हिंदीत, मोडक्या तेलुगूत. बिघाड घड्याळ बघून होत नाही, हे कुणाही माणसाच्या डोक्यात यायला हवं होतं. पण ऐकायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला तुम्ही काहीही सांगा, तो फक्त तुमचं बोलणं संपायची वाट पाहतो.

मेमध्ये ऑफिसातून फोन आला. आमचं काम वाटून देणारी बाई फार गोड बोलायची, आणि तिचा गोडवा जितका वाढे तितकी मला धास्ती वाटे. मी तिला नेटचं आणि हेल्पलाइनचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, तुझ्यासारखं स्वच्छ काम कुणाचं नाही, पण उशिरा आलेलं स्वच्छ काम आम्ही डॉक्टरांना देऊ शकत नाही. आता पुन्हा उशीर झाला तर हिमायतनगरला येऊन बस, नाहीतर तुझे डॉक्टर दुसऱ्या कुणाला देऊ. "इथे ये ना गं," ती म्हणाली, "मजा येते सगळ्यांना."

ती मजा मला माहीत होती, जिन्यात बसून ऐकलेली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून गेले आणि फुली आली. मी फोन उचलला नाही. ओढणी डोक्यावरून घेतली, चपला घातल्या आणि गच्चीवर गेले. माझ्या खिडकीतून निघालेली निळी तार हातात धरली आणि ती जाईल तिकडे निघाले. आमच्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत, मधला कठडा गुडघ्याएवढा. गरम सिमेंटची धग चपलेतून तळव्यांना लागत होती. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या चादरीवरून, वडिया म्हणजे सांडगे घातलेल्या साडीच्या कडेने, कबुतरांच्या घाणीतून मी त्या तारेमागे चालत गेले. एकही माणूस दिसला नाही. सगळी गल्ली पडदे ओढून झोपली होती. तार तिसऱ्या गच्चीच्या कोपऱ्यातून खाली उतरली आणि मागच्या घरातल्या आंटींच्या वरच्या बाल्कनीत शिरली. कठड्यावरून वाकून पाहिलं तर भिंतीला एक करडी पेटी ठोकलेली, आणि आजूबाजूच्या घरांच्या तारा सगळ्या तिच्यात गेलेल्या. पेटीवर दिव्यांची एक रांग होती. एकही दिवा लागलेला नव्हता. पेटीच्या शेजारी साधं घरातलं बटण होतं, बंद केलेलं. पेटीवर एक धुतलेला, घडी घातलेला टॉवेल पांघरलेला होता.

तो टॉवेल पाहूनच मला कळायला हवं होतं.

मी जिन्याने उतरून आंटींच्या दारापर्यंत गेले. दुपारी झोपलेल्या बाईची घंटी वाजवायची, ही आमच्याकडे चोरीच्या जवळपास जाणारी गोष्ट आहे. घंटीवर बोट ठेवून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग चार वाजता त्या गोड आवाजाला काय सांगावं लागेल ते आठवलं, आणि दाबली.

आंटी डोळे चोळत आल्या. विधवा, एकट्या राहणाऱ्या, मुलगा परदेशात. "क्या हुआ अम्मा? साब की तबियत?"

"नहीं आंटी. वो ऊपर की पेटी. आपने बंद की?"

"हौ." त्यांना त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. केबलवाल्याने पेटी त्यांच्या घरी लावली होती आणि वीज त्यांची म्हणून टीव्ही त्यांना फुकट दिला होता. मार्चमध्ये पेटी गरम लागली म्हणून त्या घाबरल्या. आग लागली तर? मग त्यांनी माहितगार माणसाला बोलावून दाखवली. "तुम्हारे पिताजी आके देखे ना. साब बोले, इसकू आराम नहीं मिल रहा. खाना हुआ कि बंद करो, चाय के टाइम पे चालू करो. तब से एक दिन भी नहीं भूली मैं."

घामाने ओढणी मानेला चिकटली होती.

"आंटी, चालू कर दो ना. मेरा काम रुकता है."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "कर देती अम्मा. साब को बोलने दो पहले. कल कू आग लगी तो मैं किसकू पूछूँ?"

त्या दिवशी, रडकुंडीला आलेली मुलगी दारात उभी आहे म्हणून त्यांनी बटण दाबलं. फाइली चारच्या आत गेल्या. उद्याचं मात्र बाबांच्या हातात होतं.

बाबा उठून चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आई भांडी घासायची थांबली.

बाबांनी बशीतला चहा संपवला. "मी त्यांना पेटीचं सांगितलं. तुझ्या नेटचं काही सांगितलं नाही."

"तीच पेटी आहे बाबा."

"मला काय माहीत तीच ती? तिच्यावर लिहिलंय का?"

"मी तुमच्यासमोर महिनाभर सांगतेय, दोन ते चार बंद असतं म्हणून. तो माणूस आला की तुम्ही त्याला हौ म्हणता."

"तो कंपनीचा माणूस आहे. त्याला नाही कळत आणि मला कळणार?" मग हळू आवाजात, "मार्चमध्ये मी त्या बाईला एक सांगितलं. आता जाऊन काय सांगू? चुकलो म्हणू? गल्लीत काय राहील माझं?"

"माझं काम जाईल," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, ते खरंच तोलून पाहत होते. एका पारड्यात माझं काम, दुसऱ्यात आंटींचं "साब". आणि पारडं लगेच माझ्या बाजूला झुकलं नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आई म्हणाली, "जा हो. काहीतरी सांगा."

संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आंटींकडे गेले. मीही मागे गेले. बाल्कनीत उभं राहून, हात मागे बांधून त्यांनी पेटीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अब हवा बदल गई. अब इसकू सुबह आराम दो. नौ से ग्यारह. दोपहर में चलने दो."

"हौ साब," आंटी म्हणाल्या. "आप बोले तो ठीक."

अशा रीतीने माझं इंटरनेट दुरुस्त झालं.

हे इथेच संपलं असतं तर मी कदाचित हसले असते. पण आधीच्या कधीच्या तरी तक्रारीवर दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो माणूस आला. दुपारभर नेट चालू होतं. त्याने स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, "देखे साब? हमारी तरफ से ठीक कर दिए."

बाबा म्हणाले, "ठीक हमने किया." आणि त्यांनी त्याला पेटी, गरम हवा आणि आराम हे सगळं समजावून सांगितलं. तो माणूस मान डोलावत राहिला. "सही बात है साब. मशीन कू आराम होना." आईने चहा दिला. दोघांनी बिस्किटं बुडवून खाल्ली. माझ्या खुर्चीत तो बसला होता, म्हणून मी भिंतीशी उभी. आता दुपारी चालतं का, हे दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही. जाताना त्याने सही मागितली आणि बाबांनी समाधानी ग्राहक म्हणून ती ठोकून दिली, खालच्या दोन रेघांसकट.

त्याच्या कपात बिस्किटाचा गाळ उरला होता. रोज अमेरिकेतल्या माणसांचे गळू आणि हगवण निर्विकारपणे टाइप करणाऱ्या मला तो गाळ पाहून उमासा आला. कप मोरीत ठेवून मी बराच वेळ हात धुतले.

त्या आठवड्यात मी एकही फाइल उशिरा पाठवली नाही. खोली माझी, वेळ माझी, लाल फुली नाही. मला हवं होतं ते सगळं पुन्हा मिळालं होतं. पण दुपारी हेडफोन लावून बसले की आतून कूलरची घरघर यायची आणि वाटायचं, हे चालू आहे ते त्यांनी तसं ठरवलं म्हणून. पाहुणे आले की बाबा माझ्या खोलीच्या दाराशी उभं राहून सांगायचे, "हिचं नेट बंद पडत होतं. कंपनीला कळेना. शेवटी मी लाइनीवर आणलं." पाहुणे आत डोकावून माझ्याकडे आणि मॉडेमकडे एकाच नजरेने बघायचे. माझ्या कानात कुणा बाईच्या आतड्यांविषयी बोलणारा तो शांत आवाज चालू असायचा, आणि मला वाटायचं, तो मला ओळखत नाही, पण निदान माझ्याशी नीट बोलतोय.

पुढच्या सोमवारी मी हिमायतनगरला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं. गोड आवाजाची बाई गोंधळली. "अगं, पण तुझ्या फाइली तर आता वेळेवर येतायत."

"हो," मी म्हणाले. "तरी येते."

आईने डबा दिला. बाबा म्हणाले, "मग मी एवढं दुरुस्त कशासाठी केलं?"

ऑफिसात पहिल्याच दिवशी, जेवणानंतर, सगळ्या स्क्रीनवर एकदम लाल फुली आली. हॉलभर हेडफोन निघाले, कुणी शिवी दिली, कुणी टाळी वाजवली, निम्मे लोक इराणी हॉटेलात चहाला निघाले. गोड आवाजाच्या बाईने इकडेतिकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. "तू इन लोगां से बात करी ना बहुत? बोल."

तीच कंपनी, तोच नंबर. मला तो पाठ होता. आजूबाजूच्या मुली बघत होत्या. पलीकडे मुलाचा आवाज आला. "मॅडम, सिस्टीम बंद करके..."

"बंद करके चालू करी मैं," मी म्हणाले. "दो बार. करंट भी है. अब आदमी भेजो. और अभी भेजो. पाँच बजे नक्को."